हिशेबाला बसूया : आधी छेद बघा

प्रश्न : काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पुस्तकात आहे की २००५ ते २०२० या काळात भारताच्या जीडीपीची 'उत्सर्जन तीव्रता' ३६ टक्क्यांनी घटली. चार पानं पुढं तक्ता आहे, त्यात देशाचं एकूण उत्सर्जन वाढतच गेलेलं दिसतंय. मग घटलं की वाढलं? क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, दोन्ही पाठ करून ठेव. आणि हे सगळं मोजतं तरी कोण आणि कसं?
— एक विद्यार्थिनी, येळ्ळूर

उत्तर : दोन्ही खरं आहे, पोरी. सरांचं तेवढं बरोबर. पण पाठ करू नकोस. त्याआधी आमच्या फौंड्रीतली एक फजिती ऐक.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी एकतीस वर्षं कॉस्टिंगला, म्हणजे खर्चाच्या हिशेबाला, होतो. नव्वदीच्या मधली गोष्ट. मालकांना दर महिन्याला एक कागद लागायचा : लाखाच्या विक्रीमागं किती किलो कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, जळला. एका मार्चअखेर मी कागद नेला. गेल्या वर्षी १,४०० किलो होता, यंदा १,१७० वर आलेला. मालक खूश. कॅम्पातून कुंदा, आपली खव्याची मिठाई, मागवला, भट्टीवरच्या सगळ्यांना वाटला, कपोल्याच्या, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीच्या, मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्री संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभा. "सायेब, मी तर काय बी बदल केला न्हाई की. मग कुंदा कशाचा?"

रात्री घरी वही उघडून बसलो. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव मालाचा, भाव वर्षभरात किलोला २० रुपयांवरून २४ झाला होता. लाखाची विक्री म्हणजे पूर्वी पाच टन माल जायचा, आता चार टन आणि वर थोडा. टनामागं कोक आधी २८० किलो, आताही २८० किलो. एक ढेकूळ वाचलं नव्हतं. जे काही झालं होतं ते भागाकाराच्या रेघेखाली झालं होतं. दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. कुंदा काही परत घेता येत नाही, एवढंच म्हणाले, आणि पुढच्या महिन्यापासून कागद टनावर मागायला लागले.

उत्सर्जन तीव्रता म्हणजे हाच कागद, फक्त देशाचा. अंशात वर्षभरात सुटलेले हरितगृह वायू, छेदात वर्षभराचं सकल देशांतर्गत उत्पादन. सरकार माझ्यासारखी फसगत करून घेत नाही, कारण छेदातला जीडीपी चालू भावानं नाही, स्थिर भावानं घेतात. एका पायाभूत वर्षाचे भाव पकडायचे आणि दरवर्षीचा माल त्याच भावानं मोजायचा. महागाई तिथंच गळून पडते.

आता अंशाकडं ये. तुला वाटत असेल प्रत्येक चिमणीला यंत्र लावून धूर मोजतात. तसं नाही. किती जळलं ते खात्यांच्या वह्यांत असतं : किती कोळसा उचलला, किती डिझेल विकलं, सिमेंटसाठी किती क्लिंकर भाजलं, किती म्हशी आहेत, भात किती हेक्टरवर लावलं. त्या प्रत्येक आकड्याला ठरलेल्या गुणकानं गुणायचं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एक किलो कोक जळला की तीन किलोच्या आसपास. तू म्हणशील, एका किलोतून तीन किलो कसे? बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. हे गुणक कसे धरायचे त्याची रीत हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळानं, म्हणजे आयपीसीसीनं, घालून दिलेली आहे आणि सगळे देश तीच वापरतात. म्हणजे धूर मोजण्याचं हे काम खरं तर कारकुनाचं आहे. मला ते फार आवडतं, सांगायला हरकत नाही.

वायू वेगवेगळे असतात, म्हणून सगळे एका मापात आणतात. एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानं २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, एक किलो नायट्रस ऑक्साइड २६५ किलोइतका. हे पाचव्या आयपीसीसी अहवालातले आकडे. दुसऱ्या अहवालात मिथेनला २१ धरलेले होते. दोन तक्ते जुळत नाहीत असं कधी वाटलं तर आधी हे बघायचं, की गुणक कुठल्या अहवालातले घेतलेत.

भारताचा हा हिशेब पर्यावरण मंत्रालय करून संयुक्त राष्ट्रांना पाठवतं. तुझ्या पुस्तकातले ३६ टक्के चौथ्या द्वैवार्षिक अहवालातले आहेत. तो डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गेला. २०२० सालचं एकूण उत्सर्जन त्यात सुमारे २९६ कोटी टन आहे. जंगलांनी आणि जमिनीनं शोषलेलं वजा केलं तर २४४ कोटी टनांच्या आसपास. न वजा करता मागचे आकडे लाव : २०१० साली सुमारे २१४ कोटी, २०१९ साली ३१३ कोटी. नऊ वर्षांत जवळजवळ दीडपट! २०२० चा आकडा खाली का आला ते तुला ठाऊक आहे. त्या वर्षी उद्यमबागेत कुत्रं फिरत नव्हतं.

मग तीव्रता घटली ती कशी? समज, अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्के वाढली आणि तीव्रता २ टक्के घटली. १.०६ ला ०.९८ नं गुण. १.०३९ येतं. धूर ३.९ टक्के वाढला, आणि तीव्रता मात्र घटली. दोन्ही एकाच गुणाकारातून निघालं. एकूण धूर खरोखर उतरायचा असेल तर तीव्रतेला जीडीपीच्या वाढीपेक्षा जोरानं उतरावं लागेल. पेपरात याचं सूत्र विचारलं तर जपानच्या योइची काया यांचं नाव लिही. उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, माणशी जीडीपी, रुपयामागं ऊर्जा आणि ऊर्जेमागं कार्बन या चारांचा गुणाकार. चारांतले शेवटचे दोन म्हणजेच तुझी तीव्रता.

आता माझा आवडता मुद्दा, छेद. महागाई काढून टाकली म्हणून छेद निर्दोष झाला असं समजू नकोस. बेंगळुरूत एक नवीन सॉफ्टवेअर कंपनी उघडली, तिनं शंभर कोटींचं काम केलं, वीज जळली एसीपुरती. कर्नाटकाची तीव्रता लगेच घटली. पण इथल्या एकाही कपोल्यात एक किलो कोक कमी जळला का? नाही. हा लबाडपणा नव्हे, अर्थव्यवस्था खरंच बदलतेय. पण ही घट भट्टी सुधारल्यामुळं आली की भट्टीशेजारी कॉम्प्युटर बसवल्यामुळं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

छेदाचा सगळ्यात मोठा तमाशा आयर्लंडमध्ये झाला. २०१६ च्या जुलैमध्ये त्यांच्या सांख्यिकी कार्यालयानं जाहीर केलं की २०१५ मध्ये देशाचा जीडीपी २६ टक्के वाढला. एका वर्षात! कारखाने वाढले नव्हते. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटं आणि असली कागदी मालमत्ता कर वाचवायला आयर्लंडच्या नावावर आणून ठेवली होती. त्या वर्षी देशाचं उत्सर्जन तर वाढलंच होतं, आणि तीव्रता मात्र धाडकन खाली. पुढं त्यांनी स्वतःच जीडीपीऐवजी दुसरं, ही कागदी मालमत्ता गाळलेलं माप काढलं. आपल्याकडंही जानेवारी २०१५ मध्ये जीडीपीचं पायाभूत वर्ष २००४-०५ वरून २०११-१२ केलं, त्याबरोबर मोजायची पद्धतही बदलली. छेद नव्यानं मोजला की मागच्या वर्षांची तीव्रताही नव्यानं काढावी लागते.

देशादेशांची तुलना असेल तर आणखी एक खोच. रुपयाचे डॉलर बाजारभावानं केले तर भारताची तीव्रता भली मोठी दिसते. इथं रुपयात काय काय येतं ते धरून केले, म्हणजे क्रयशक्तीच्या भावानं, तर आपला जीडीपी साडेतीन-चौपट होतो आणि तीव्रता तेवढीच लहान. तक्त्याखालची बारीक ओळ वाचल्याशिवाय उत्तर लिहू नकोस.

तीव्रता घटवायची भारतानं दिलेली वचनं क्रमानं लक्षात ठेव. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या वेळी : २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत २० ते २५ टक्के घट, शेती सोडून. २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान कराराआधी : २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्के. ऑगस्ट २०२२ मध्ये : २०३० पर्यंत ४५ टक्के. आता माझ्या वहीतला हिशेब. पंधरा वर्षांत ३६ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे २.९ टक्के घट. तिथून २०३० ला ४५ पर्यंत जायचं तर वर्षाला दीड टक्का पुरतो. म्हणजे चालत आलो त्याच्या निम्म्या चालीनं गेलं तरी पोचतो. २०२० हे वर्ष वेगळं होतं हे मान्य. २०१९ पासून मोजलं, तेव्हा घट ३३ टक्के होती, तरी १.८ टक्केच लागतात. देशानं लक्ष्य हाताशी येईल असंच ठेवलंय, हे माझं मत. ते उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. पण हेही ध्यानात ठेव की २०१६ च्या हिशेबात आपलं माणशी उत्सर्जन दोन टनांच्या आतच होतं, जगाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. ज्याच्या ताटात एकच भाकरी आहे त्याला अर्धी कमी कर म्हणताना हात जरा आखडतो.

प्रश्न : आमचं संकेश्वरजवळ गुऱ्हाळ हाय. चुलाणात चिपाड जळतंय. कारखान्याच्या बॉयलरात पण चिपाडच. औंदा कॉलेजातली पोरं फॉर्म भरून घ्याला आली, म्हणाली तुमच्या धुरानं हवा तापत्या. सरकारच्या हिशेबात आमचा धूर धरत्यात का न्हाई? आणि गुळाचं पैसं जीडीपीत धरत्यात का न्हाई? दोनीकडनं आमालाच धरलं तर कसं व्हायचं?
— एक गुऱ्हाळवाले, हुक्केरी तालुका

उत्तर : अण्णा, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस हसत होतो, कारण उत्तर तुमच्या बाजूनं आहे.

चिपाड जळून जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो देशाच्या बेरजेत धरत नाहीत. वेगळा लिहून ठेवतात, पण बेरजेबाहेर. कारण असं की तो कार्बन उसानं गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतला होता आणि पुढचा ऊस पुन्हा घेणार. कोळशाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो नव्यानं हवेत येतो. चिपाडाच्या धुरातला थोडका मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा धरतात. आणि गुळाचे पैसे? ते जीडीपीत येतात. तुमच्यासारख्या लहान धंद्यांचा आकडा अंदाजानं, पाहण्या करून काढतात, पण येतो. म्हणजे छेदात तुम्ही आहात आणि अंशात जवळजवळ नाही. देशाची तीव्रता खाली खेचणारी माणसं तुम्ही! पोरं पुन्हा आली तर काकवी पाजा आणि हे सांगा.

पण पुरतं सुटलात असं नव्हे. तुमचा धूर ऊस घालायच्या आधीच शेतात निघालेला असतो. युरियाचं ४५ किलोचं एक पोतं शेतात पडलं की त्यात नायट्रोजन २० किलोहून थोडा जास्त. आयपीसीसीच्या साध्या रीतीनं त्यातला शंभरावा हिस्सा नायट्रस ऑक्साइडच्या रूपानं उडतो. कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणलं तर एका पोत्यामागं ८५ किलोच्या वर. बत्तीस लिटर डिझेल जाळल्यासारखं, आणि डोळ्यांना दिसत काहीच नाही. वरच्या उत्तरात मी लिहिलंय की २००९ च्या वचनात शेती वगळली होती. म्हणजे त्या वेळच्या वचनात हे पोतं मोजणीतच नव्हतं. एकूण बेरजेत मात्र शेती असतेच. २०२० च्या २९६ कोटी टनांत तिचा वाटा सुमारे पावणेचौदा टक्के होता. त्यात म्हशी, बैल आणि खानापूरकडची भातखाचरंही आली.

चुलाणात जाळ घालणाऱ्या जळव्याला एक विचारा. पावसाळ्याच्या तोंडाला चिपाड ओलं असलं की चुलाणात टायरचे तुकडे टाकतात, मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. तुमच्याकडं टाकत असतील तर वरची सगळी सूट गेली. टायरमध्ये खनिज तेलाचा कार्बन आहे. आणि ती काळी वाफ काहिलीवर उभ्या गुळव्याच्या छातीत जाते. ती कुठल्याच तीव्रतेत येत नाही, अंशातही नाही आणि छेदातही नाही. दवाखान्याचं बिल तेवढं जीडीपीत येतं.

जाता जाता उलटा दाखला. वहिनी घरी गुळाच्या पोळ्या करतात त्या जीडीपीत धरत नाहीत, कारण त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. सिलिंडर मात्र अंशात आहे : १४.२ किलोचा गॅस संपला की ४२ किलो कार्बन डायऑक्साइड. त्याच पोळ्या खडेबाजारातल्या दुकानातून आणल्या की छेद वाढला आणि तीव्रता सुधारली. पोळी घरचीच खा.

प्रश्न : माझे चार ट्रक आहेत. उद्यमबागेतून कास्टिंग भरून पुण्याला आणि पिंपरीला जातात. डिझेल आम्ही निपाणीच्या पुढं, कोगनोळीचा नाका यायच्या आत फुल्ल करतो, पलीकडं महाराष्ट्रात महाग असेल तेव्हा. म्हणजे टाकी कर्नाटकात भरली, धूर महाराष्ट्रात सोडला, माल मराठी माणसानं घेतला. हा धूर कुणाच्या खात्यावर? सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच की!
— एक ट्रकमालक, निपाणी

उत्तर : पडणारच. आपल्याकडं सातबारा एकीकडं आणि शाळा दुसरीकडं असलेली माणसं आहेत, धुरानं काय घोडं मारलंय?

देशाच्या खात्यावर प्रश्नच नाही, दोन्ही बाजू भारतच. पण राज्यांचा हिशेब मांडायला बसलात तर रूढ रीत अशी की इंधन जिथं विकलं गेलं तिथं त्याचा धूर लिहायचा. विक्रीच्या पावत्या सापडतात. ट्रकच्या मागं मागं धावून मोजणारा सापडत नाही. म्हणजे तुमचा कागलपासून पुण्यापर्यंतचा धूर कर्नाटकाच्या नावे. देशादेशांतही हीच रीत आहे, आणि युरोपात याचं बडं उदाहरण आहे : लक्झेंबर्ग. चिमुकला देश, इंधनावर कर कमी. जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियमचे ट्रकवाले वर्षानुवर्षं तिथं टाकी फुल्ल करून पुढं जातात. त्यामुळं लक्झेंबर्गचं माणशी उत्सर्जन युरोपात अगदी वरच्या ओळीत दिसतं, आणि त्यातला मोठा भाग लक्झेंबर्गच्या माणसानं जाळलेलाच नाही. कोगनोळी म्हणजे आपलं लक्झेंबर्ग समजा. फक्त लक्झेंबर्गात मिसळ मिळत नाही.

मालाचं म्हणाल तर नियम असा की धूर जिथं सुटला तिथं लिहायचा, माल वापरला कुठं ते बघायचं नाही. पुण्याच्या कंपनीच्या पंपात बसलेलं कास्टिंग तिथं चकचकीत दिसतं, काजळी उद्यमबागेच्या वहीत राहते. याच्या उलट, माल घेणाऱ्याच्या खात्यावर धूर लिहायचा असाही हिशेब अभ्यासक मांडतात. त्या हिशेबात श्रीमंत देशांचा आकडा फुगतो आणि चीन-भारताचा कमी होतो. सरकारी अहवालात मात्र पहिलीच रीत चालते.

तुम्ही कास्टिंग भरता म्हणून एक सांगतो. उद्यमबागेत आता बऱ्याच फौंड्र्यांनी कपोला काढून विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या बसवल्यात. चिमणी गेली, अंगणात वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे थांबले. कपोल्यात एक टन लोखंड वितळवायला समजा १५० किलो कोक लागला : ४५० किलो कार्बन डायऑक्साइड, शिवाय चुनखडीचा थोडा. इंडक्शनला त्याच टनाला ६०० युनिट धरा. देशाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यात, युनिटमागं सुमारे ०.७ किलो पडतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी छापतं. झाले ४२० किलो. चारशे पन्नासचे चारशे वीस! कपोला बरा चालवणारा मिस्त्री असेल आणि कोक १२० किलोवर आणलेला असेल तर उलट कपोलाच जिंकतो. आमच्या मिस्त्रीला कुंदा तेव्हा द्यायला हवा होता.

याचा अर्थ इंडक्शन नको असा नाही. भट्टी उद्यमबागेत आणि धूर रायचूरच्या शक्तिनगरातल्या कोळशाच्या वीजकेंद्रात, असं आज होतं, कारण ग्रिडात कोळशाची वीज जास्त. उद्या शरावतीचं पाणी, पावगडचं ऊन आणि पवनचक्क्यांचा वाटा वाढला की तो ०.७ आपोआप उतरेल आणि इंडक्शनवाल्याची तीव्रता भट्टीला हात न लावता उतरेल. कपोल्याचा कोक मात्र कोकच राहणार. कॉस्टिंगवाला म्हणून मी आजही इंडक्शनच घ्या म्हणेन, पण ग्राहकाला 'आम्ही धूर बंद केला' असं छापून देऊ नका म्हणेन.

तुमच्या ट्रकांची तीव्रता काढायची असेल तर रुपयावर काढू नका. भाड्याचा दर दिवाळीत वाढतो, मे महिन्यात पडतो. टन-किलोमीटरवर काढा : किती टन माल किती किलोमीटर नेला त्याचा गुणाकार खाली, जळलेलं डिझेल गुणिले २.७ वर. आणि परतीची फेरी रिकामी येत असेल तर तिचं डिझेलही वरच लिहा. खाली लिहायला काही नसेल, शून्य. तुमचा सगळा हिशेब त्या रिकाम्या फेऱ्यांतच बिघडलेला निघेल, पैज लावतो. युरोपनं १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं अशा मालावर जो सीमेवरचा कार्बन आकार सुरू केलाय, तिथंही छेदात युरो नाहीत. टनाला किती टन, एवढंच विचारतात. त्यांच्या कुठल्यातरी मालकाला आमच्यासारखाच एक कागद कधीतरी मिळाला असणार.

प्रश्न : मागील अंकात आपण लिहिले होते की अमेरिकेने २००२ साली दहा लाख डॉलर जीडीपीमागे १८३ टन कार्बन डायऑक्साइडवरून दहा वर्षांत १५१ टनांवर येण्याचे लक्ष्य ठेवले. मी तेहतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे. हा आकडा मला फारच लहान वाटतो. कृपया तपासावा.
— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर

उत्तर : बाई, चूक माझीच. ते आकडे कार्बनच्या वजनात दिलेले होते, मी पुढं 'डायऑक्साइड' चिकटवलं. तुम्ही वर्गात फळ्यावर हजार वेळा लिहिलं असेल : कार्बन १२, ऑक्सिजन १६, दोन ऑक्सिजन ३२, मिळून ४४. म्हणजे १२ किलो कार्बनाचा ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, साधारण ३.६७ पट. जुन्या अहवालांत कार्बनचं वजन देण्याची चाल होती, नव्यात डायऑक्साइडचं देतात, आणि दोन्हींच्या पुढं नुसतं 'टन' लिहिलेलं असतं. माझ्यासारखा घाईत वाचणारा तिथंच घसरतो.

ज्यांनी मागचा अंक जपून ठेवला असेल त्यांनी पेननं दुरुस्त करून घ्यावं. १८३ च्या जागी ६७१ आणि १५१ च्या जागी ५५४. तिथं लिहिलेली १८ टक्क्यांची घट मात्र खोडू नका. दोन्ही वर्षांना एकाच आकड्यानं गुणलं, त्यामुळं ती जशीच्या तशी राहते. त्या लक्ष्यावर तेव्हा टीका करणारे म्हणत होते की एवढी तीव्रता काही न करताही घटलीच असती. त्याबद्दल मी लिहिलेलंही तसंच ठेवा.